मधली मोकळी जागा

बारामतीच्या एसटी स्टँडजवळ माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपता संपता मी पुण्याहून डिजिटल कॅमेरा आणला. त्यात रोल नव्हता. बाजूच्या फटीत फ्लॉपी सरकवायची, बटण दाबायचं, मग आतून गिरणीसारखी घरघर व्हायची आणि मागच्या काचेवर फोटो उमटायचा. आसपास कुणाकडंच असा कॅमेरा नव्हता. त्यामुळं मला तो कितपत वापरता येतो हे तपासणारंही कुणी नव्हतं, आणि माझ्या लेखी ही त्या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी सोय होती.

पहिले आठ दिवस मी दिसेल त्याचे फोटो काढले. उसाची ट्रॉली, समोरचा चहावाला, चुकून स्वतःचा डावा पाय. मोरगावला मावशीकडं गेलो तेव्हा तिच्या शेळ्यांचे काढले. शेळ्या जागच्या हलल्या नव्हत्या, तरी फोटोत त्या धुक्यातून आल्यासारख्या दिसत होत्या. गिऱ्हाइकानं विचारलं, "हे असं पुसट का वो?" की मी शांतपणे सांगायचो, "डिजिटल आहे." गिऱ्हाईक समजल्यासारखी मान हलवायचं. कॅमेऱ्याबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यातलं कॅमेरा पाण्यात बुडवू नये हे पहिलं पान मी वाचलं, ते पटलं, आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

आम्ही राहायला सणसरपासून दोन-अडीच मैलांवरच्या एका गावात होतो. मी रोज एसटीनं बारामतीला जायचो आणि बायको घरी शिवणकाम करायची. त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली. आमची आळी सगळी बौद्धांची, त्यामुळं दुसऱ्याच दिवशी पॅनेलप्रमुख आबा घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "काय मग, उभं करायचं का बाईंना?"

मी विचार करत असल्याचा चेहरा केला. आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"मला इचारलं तर मी व्हय म्हनंन," आतून आवाज आला.

आबा हसले आणि, "विचारतोय की," म्हणाले, पण माझ्याकडंच बघून. अर्ज भरला, कपबशी हे चिन्ह मिळालं, आणि पत्रक छापायची वेळ आली. पत्रक अर्थात मीच जुळवणार होतो, आणि फोटोही अर्थात मीच काढणार होतो. त्यावर बायकोनं एकच अट घातली.

"वर काय लिवायचं ते लिवा. पन माझं तोंड वळखू आलं पायजे."

ही अट कुठून आली हे मला ठाऊक होतं. आमच्या शेजारची काकू इथं राहायला येण्याआधी नवऱ्यासह तिच्या माहेरच्या गावी, नदीपलीकडं राहायची आणि तिथं पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होती. सदस्य होती असं कागदावर होतं. सभेला तिचा नवरा जायचा आणि रजिस्टर सहीला घरी यायचं. चुलीपुढं बसून, हात पदराला पुसून ती सही करायची. पाच वर्षांत तिनं पंचायतीचं ऑफिस आतून पाहिलं नव्हतं, आणि तिच्या पत्रकावर फोटो होता तो नवऱ्याचा, मिशांसकट. बायकोचं म्हणणं, आपलं तसं व्हायचं नसेल तर सुरुवातीपासून लोकांना तोंड दिसलं पाहिजे. एकदा तोंड ओळखीचं झालं की त्याच्या जागी दुसरं तोंड पाठवता येत नाही.

आबांचं म्हणणं वेगळं होतं. "जोडीचा फोटो टाका," ते मला म्हणाले. "बाईला कोन वळखतंय? तुमाला समदा तालुका वळखतो."

हे वाक्य मला फार आवडलं. बायकोला आवडलं नाही. "मला न्हाय वळखत?" ती म्हणाली. "गावातल्या निम्म्या पोलक्यांची मापं माझ्यापाशी हायत." पण तिनं फार ताणलं नाही. जोडीचा तर जोडीचा, पण तोंड ओळखू आलं पाहिजे, एवढ्यावर आमचं ठरलं. पत्रक येत्या गुरुवारी सकाळी छपाईला जाणार होतं.

जोडीचा फोटो म्हटला तर बटण कोण दाबणार? त्याची सोय कॅमेऱ्यातच होती. बटण दाबलं की दहा सेकंद लाल दिवा लुकलुकायचा आणि मग फोटो निघायचा. तेवढ्यात आपण पळत जाऊन उभं राहायचं. रविवारी सकाळी मी शिलाई मशीन अंगणात आणलं आणि त्यावर कॅमेरा ठेवला. मशीन चांगलं लांब ठेवलं, कारण मला झूम वापरायचा होता. झूमनं माणूस जवळ येतो एवढं मला कळलेलं होतं. बायको ओट्याच्या बरीच पुढं उभी राहिली. तिच्या मागं आमचं दार, आणि दारावर माझ्या नावाची पाटी: नाव, त्यापुढं बी. कॉम., आणि खाली "संगणक तज्ज्ञ".

"जरा डावीकडं सरक," मी म्हणालो. "मला जागा ठेव."

ती सरकली. मी बटण दाबलं आणि पळालो. वाटेत कोंबडी आडवी आली, तिला ओलांडलं, बायकोशेजारी उभा राहिलो, छाती पुढं काढली. दिवा विझला आणि कॅमेरा घरघरला.

फोटोत आम्ही दोघं होतो असं म्हणायला हरकत नव्हती. एक हिरवट आकार होता, ती साडी असणार, आणि एक पांढरा, तो मी. तोंडं मात्र पाण्यात बघितल्यासारखी. मधल्या फटीतून दिसणारी पाटी तेवढी लख्ख आली होती, "तज्ज्ञ"मधल्या ज्ञच्या शेपटासकट.

"तू हललीस," मी म्हणालो. "श्वास रोखून धरायचा असतो."

"धरला हुता. तुमीच धापा टाकत हुता."

दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. मशीनखाली वीट लावली, वाऱ्याला दोष दिला, उन्हाला दोष दिला, मग ढगाला दिला. बायकोला आणखी डावीकडं सरकवलं, म्हणजे मला घाईत धक्का नको. सातव्या फोटोपर्यंत मी पळण्यात चांगला तरबेज झालो होतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी आयुष्यात खूपदा दुसऱ्याला ऐकवली आहे. त्या सकाळी आमचं अंगण खरोखरच थोडं वाकडं आहे असं मी बायकोला मोजून दाखवलं.

ती म्हणाली, "इंदापुरात स्टुडिओ हाय. जाऊन येऊ, अर्ध्या दिवसाचं काम."

"घरात डिजिटल असताना?" मी म्हणालो. हे मी इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणालो की तिनं स्टुडिओचा विषय सोडला. आज मला ते आठवलं की वाईट वाटतं. तिला तोंड हवं होतं, मला कॅमेरा खरा करून दाखवायचा होता, आणि मी तिचं काम माझ्या हट्टाला बांधून ठेवलं होतं.

सोमवारी मी एसटीडी बूथवरून पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोटो पुसट येतात, पाटी तेवढी चांगली येते. तो गडबडीत होता. म्हणाला, "अहो, तुम्ही फोकसच घेत नाही आहात. आधी फोकस घ्या, मग फोटो काढा."

आता, हा शब्द इंग्रजीत छापलेला मी वाचला असता तर मला कळला असता. माझ्या पाटीवर उगाच तज्ज्ञ लिहिलेलं नव्हतं. पण तो फोनवरून मराठीत आला. आणि आमच्या भागात फोकस म्हणजे मांडववाल्याकडचा हॅलोजनचा दिवा. लग्नात, तमाशात, कुस्तीच्या फडात बांबूला बांधतात तो. अंधार पडला की जो तो ओरडतो, "अरे, फोकस लाव फोकस!" मला वाटलं, पुण्याचा माणूस म्हणतोय तर बरोबरच असणार. उजेड कमी पडतोय, फोकस घेतले पाहिजेत.

आमचा मांडववाला लोणी भापकरचं लग्न उरकून नुकताच परतला होता. त्याच्याकडून दोन फोकस आणले. मंगळवारी तिन्हीसांजेला दोन बांबू रोवून ते आमच्या तोंडांसमोर बांधले. आकडे टाकून वीज घेतली हे सांगायला नको, पण सांगतो. अंगण असं उजळलं की आळीतली माणसं वळकटीसारखी बाहेर उलगडली. कुणाला वाटलं प्रचाराची सभा आहे, कुणाला वाटलं साखरपुडा. पोरं पुढं येऊन बसली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास: फोकसभोवती पाखरं जमली आणि त्यातलं एक थेट माझ्या तोंडात गेलं.

"डोळं उगडं ठेवता येत न्हाईत," बायको म्हणाली.

"ठेव. आणि जरा डावीकडं सरक."

त्या संध्याकाळी चार फोटो काढले. आमची तोंडं तांदळाच्या भाकरीसारखी पांढरी आली होती, डोळ्या-नाकाचा पत्ता नाही. मागं पाटी अशी झळकत होती की जणू तीच निवडणुकीला उभी आहे. शेजारच्या काकूनं, तीच ती माजी सदस्य, कॅमेऱ्याच्या काचेत डोकावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पाटी लई झ्याक आली गं." काकूनं हे टोमण्यानं म्हटलेलं नव्हतं, तिला खरंच पाटी आवडली होती. बायको आत गेली आणि शिवायला म्हणून स्टुलावर बसली. मशीन अंगणातून आत आणलेलं नव्हतं हे तिला बसल्यावर लक्षात आलं. मी ते गुपचूप उचलून आत ठेवलं.

बुधवारी ती रिळं आणि अस्तर आणायला बारामतीला आली आणि दुकानात येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रक छपाईला द्यायचं होतं. मी फ्लॉप्या कॉम्प्युटरला लावल्या आणि अकराच्या अकरा फोटो मोठ्या पडद्यावर एकापाठोपाठ एक दाखवायला लागलो. त्यातला कमीत कमी वाईट निवडू, असं माझं म्हणणं होतं. बायकोनं नवीन पोलक्याचं कापड बघावं तसे ते नीट, पुढून मागून बघितले.

"समद्यांत पाटी वाचता येती," ती म्हणाली.

"हो. लेन्सचा दोष असणार."

"दोष कशाचा? चांगलं दिसतंय की त्याला." मग तिनं विचारलं, "तुमी बटन दाबता तवा मधी कोन असतं?"

"मी."

"तुमी तर मशीनपाशी असता."

"म्हणजे... मी येणार असतो."

"येनार असता. तवर मधी कोन हाय?"

मी पडद्याकडं बघितलं. डाव्या कडेला ती, चारदा सरकवलेली, आता जवळजवळ चौकटीबाहेर निघालेली. मध्ये काहीच नाही. त्या काहीच नाहीतून सरळ मागं माझी पाटी.

"मधी कोनीच न्हाय," तीच म्हणाली. "तुमच्यासाटी ठेवलेली जागा हाय. त्यो बिचारा मधीच बगतोय. मोकळी जागा दिसती, तर मागचं काडतोय."

कॅमेऱ्याच्या पुस्तकात ही गोष्ट दुसऱ्या पानावर होती, हे मी नंतर पाहिलं. बटण दाबताच तो मधल्या वस्तूवर नजर बसवतो आणि मग कोण पळत येतंय त्याची त्याला फिकीर नसते. पण त्या दुपारी मला पुस्तकाची लाज वाटली नाही. उमेदवार ती, निवडणूक तिची, आणि तिच्याच फोटोत मी तिला पुन्हा पुन्हा म्हणालो होतो, जरा सरक. मला फार ओशाळल्यासारखं झालं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं.

"तुमी तितंच ऱ्हावा, कॅमेऱ्याच्या मागं," ती उठत म्हणाली. "मी मधी उबी ऱ्हाते."

"आबा जोडीचा म्हणालेत."

"आबांचा बी काडा मग. येगळा."

दुकानाच्या मागं एक बोळ होता. दुपारी तिथं सावली असायची, पण उजेड भरपूर. ती भिंतीपासून दोन पावलं पुढं उभी राहिली, बरोबर मध्ये. मी कॅमेरा हातात घेतला आणि सवयीनं बटण एकदम दाबलं. फोटो हलला. माझा चेहरा बघून ती जवळ आली.

"असं भसकन काय दाबता? सुईत दोरा एकदम खुपसत्यात व्हय? आदी भोकापाशी टेकवायचा. बसला का बगायचं. मंग लोटायचा. आन कोपरं अंगाला लावा, कापड बेतताना लावते तशी."

मी कोपरं बरगड्यांना लावली. बोट बटणावर नुसतं टेकवलं, मग किंचित दाबलं. बटण अर्ध्यावर अडलं. हे बटण अर्ध्यावर अडतं हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं, कारण मी अर्ध्यावर कधी थांबलोच नव्हतो. काचेवर एक हिरवा ठिपका लुकलुकला आणि स्थिर झाला. त्याच क्षणी धुकं विरावं तशी ती समोर स्पष्ट झाली. पुण्याचा माणूस ज्याला फोकस घ्या म्हणत होता तो हा होता, बांबूला बांधायचा नव्हे. मी श्वास सोडला आणि बटण लोटलं.

मोठ्या पडद्यावर मी तो फोटो उघडला. कपाळावरची बारीक आठी दिसत होती. कानाजवळ दोन-तीन पांढरे केस होते, ते मला माहीत नव्हते. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती, घाईत काढायची विसरलेली, आणि तिच्यावरचे आकडे वाचता येत होते. ती कॅमेऱ्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. माझ्याकडं ती अशी कधी बघत नसे. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि घरात तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. प्रत्येक फोटोत कडेला ती आणि मध्ये मी किंवा माझं कुणीतरी. हे तेव्हा कळलं आणि माझे डोळे भरून आले. मी तिला पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो असं सांगितलं.

"टेप राहिली बघ," मी म्हणालो. "परत काढू."

"ऱ्हाऊ द्या. बायका त्यानंच वळखतील."

गुरुवारी सकाळी आबा दुकानात आले. पत्रकाचा मजकूर त्यांना पसंत पडला. मग फोटो बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "जोडी कुठं हाय?"

मी तोंड उघडलं, पण बायको आदल्या दिवशी मला काय बोलायचं ते शिकवून गेली होती आणि मी ते सगळं विसरलो होतो. म्हणून जे सुचलं ते बोललो. "आबा, दोघं घेतली की फोटो पुसट येतो. डिजिटलचं तसंच असतं."

आबांनी समजल्यासारखी मान हलवली. नवीन शब्दापुढं आमच्या तालुक्यात कुणी वाद घालत नसे. पत्रक तसंच छापलं गेलं.

पुढचे काही दिवस ती पत्रकं दारांवर, हातपंपावर, रेशनच्या दुकानावर चिकटली. उसात खुरपणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही तर आपली मापवाली." पुरुषांनी तिला पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. ती निवडून आली. किती मतांनी ते आमचे लोक अजून सांगतात आणि दर वर्षी आकडा वाढतो, म्हणून मी तो इथं लिहीत नाही.

पहिली सभा सरपंच निवडीची होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसाला तेल लावलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मनात कुठंतरी असं होतं की बाईमाणूस पहिल्यांदा जातंय, आपण शेजारी असलेलं बरं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बायकोनं माझ्या शर्टाकडं एकदा बघितलं आणि ती चालायला लागली. मी मागोमाग निघालो.

पंचायतीच्या दारात इंदापूरहून आलेले अधिकारी उभे होते, हातात निवडून आलेल्यांची यादी. या गावात ते पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या शेजारच्या खांबावर आमचं पत्रक अजून चिकटलेलं होतं. त्यांनी बायकोकडं बघितलं, खांबाकडं बघितलं, आणि हसून म्हणाले, "या ताई, या. तुमचं नाव विचारायला नको." यादीवर खूण केली आणि बाजूला झाले. ती चप्पल काढून आत गेली, आणि आतली खुर्ची सरकल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

मीही चप्पल काढली. साहेब दारात आडवे झाले. "आपण?"

मी यादीकडं बघितलं. मग खांबाकडं बघितलं. तिथं माझं नाव नव्हतं, तोंड नव्हतं, पाटीसुद्धा नव्हती. काळजात बारीक कळ आली, खोटं कशाला बोलू. पण आत ती बसली होती, बरोबर मध्ये, आणि आता कुणालाही तिच्या जागी दुसरं कुणी चाललं नसतं.

"फोटो मी काढलाय," मी म्हणालो.

साहेबांनी पुन्हा एकदा पत्रक बघितलं. "चांगला आलाय," म्हणाले, आणि सभेची वेळ झाली म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.